चकवा कानाला लागला पाहिजे

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय. थोडक्यात असं:

"ताई, मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचा मोबाइल सुटावा म्हणून आम्ही घरातच भुताच्या छोट्या श्रुतिका रेकॉर्ड करायला लागलो. मी, मिस्टर, तेरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई, त्या मूळच्या मालवणकडच्या. दोन झाल्या, बारा-बारा मिनिटांच्या. पण ऐकताना भीती वाटायच्या ऐवजी हसायला येतं, धडा वाचल्यासारखं वाटतं. सासूबाई एरवी त्यांच्या वडिलांना चकवा लागला ती गोष्ट सांगतात तेव्हा अंगावर काटा येतो, पण फोन समोर धरला की गप्प होतात. दीर म्हणतो नेटवरून भीतीचं म्युझिक टाका, सगळं झाकलं जाईल. एक श्रुतिका फॅमिली ग्रुपवर टाकली तर कोणीतरी खरी घटना म्हणून पुढे पाठवली. आणि आता धाकटी रात्री एकटी बाथरूमला जात नाही. आमचं घर रुळाजवळ, लोकलचे आवाज येतात ते वेगळंच. हे चालू ठेवू की बंद करू?"

ताई, बंद अजिबात करू नका. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फाइल मी हेडफोन लावून ऐकल्या, दुसरी तर दोनदा ऐकली, आणि मला त्यात सगळ्यात काय आवडलं सांगू, साधारण सहाव्या मिनिटाला मिस्टर वाक्य विसरतात, दोन-तीन सेकंद कोणीच बोलत नाही आणि मागे कुठेतरी झोपाळ्याची कडी करकरते. तिथे मी खरोखर दचकले. अख्ख्या बारा मिनिटांत तेवढी एकच जागा अशी होती आणि ती तुम्ही लिहिलेली नव्हती, आपोआप आली होती. तुमच्याकडे सामान सगळं आहे हो, फक्त तुम्ही त्याच्यावर बोलण्याचं पांघरूण टाकलंय.

आधी लिहिण्याचं बघू कारण खरी अडचण तिथेच आहे, माइक वगैरे नंतर. तुमच्या मुलाचं वाक्य आहे, "बाबा, ती बघा, त्या विहिरीजवळ पांढरी साडी नेसलेली बाई उभी आहे आणि तिचे पाय उलटे आहेत!" आता विचार करा, खरंच असं काही दिसलं तर कोणी पोरगा एवढं पूर्ण वाक्य बोलेल का? तो गप्प होईल, नाहीतर फक्त "बाबा" म्हणेल. हे वाक्य तो बाबांना सांगतच नाहीये, ऐकणाऱ्याला चित्र दाखवायला बोलतोय, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं म्हणून हसू येतं. श्रुतिकेत दाखवायला जाऊच नये. उलट दिसत नाही हाच आपला फायदा. बीबीसीवर १५ जानेवारी १९२४ ला रिचर्ड ह्यूज यांचं एक छोटं नाटक झालं, खास रेडिओसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांत ते धरतात, आणि त्यांनी जागा कुठली निवडली तर कोळशाची खाण, जिथे दिवे जातात. म्हणजे नाटकातल्या माणसांनाही काही दिसत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही, दोघं एकाच अंधारात. शंभर वर्षं झाली तरी मला अजून यापेक्षा चांगली युक्ती माहीत नाही.

आणि तुमच्या घरात तर याच्यासाठी तयार गोष्ट पडलीये! तुम्ही हडळ घेतलीत, मुंजा घेतलात, ते सगळे दिसणारे. चकवा दिसत नाही. चकवा म्हणजे माणूस चालत राहतो, चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो, बास. मग ऐकणाऱ्याला कसं कळणार की आपण त्याच जागी आलो? आवाजावरून. तोच आवाज परत आला की कळतं. म्हणजे कानासाठीच बनलेलं भूत आहे हे. सासूबाईंचे वडील बाजारातून येताना रात्रभर एकाच विहिरीभोवती फिरले आणि शेवटी तिथेच बसून त्यांनी विडी पेटवली असं तुम्ही लिहिलंय, तर तीच गोष्ट घ्या, रहाटाचा आवाज घ्या आणि तीनदा वाजवा. मी तुमच्यासाठी एवढंच लिहून बघितलं, बाप-लेक शेवटच्या एसटीने उतरून चालत घरी निघालेत:

पाचोळ्यावर दोघांची पावलं. लांब रहाटाची करकर.
मुलगा: एवढ्या रात्री कोण पाणी काढतंय?
बाबा: असेल कोणीतरी. चल.
पावलं. बराच वेळ. परत तीच करकर, आता जवळ.
मुलगा: बाबा…
बाबा: चल म्हटलं ना.
पावलं, जरा भरभर. करकर नाही. फक्त पाण्याचा थेंब पडतो. पावलं थांबतात.
मुलगा: आत्ता नाही वाजत.
बाबा: हं.
मुलगा: तुम्ही थांबलात ना?
बाबा: हो.
पाचोळ्यावर पावलं चालूच.

भूत आलं? नाही आलं. भुताने बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. तुमच्या पहिल्या श्रुतिकेत ते "हा हा हा" आहे ना, ते काढाच, तिथूनच घरात हशा सुरू होत असणार. किंकाळीचंही तेच, फोनच्या माइकला किंकाळी पेलत नाही, आवाज फाटतो आणि ऐकणारा घाबरायच्या ऐवजी व्हॉल्यूम कमी करतो. अगदी हवीच असेल तर ओरडणाऱ्याने चार पावलं मागे जाऊन भिंतीकडे तोंड करावं. पण माझं मत विचाराल तर किंकाळीपेक्षा रोखलेला श्वास चांगला, तो माइकच्या अगदी जवळ घ्या, तो थेट ऐकणाऱ्याच्या कानात जातो.

लांबी अर्धी करा. बारा मिनिटं भीती ताणून धरणं अनुभवी लोकांनाही जड जातं. पाच मिनिटं पुरे, आणि पाच मिनिटांना चारशे-साडेचारशे शब्दांवर लिहू नका, उरलेला वेळ आवाजांचा आणि शांततेचा.

आता सासूबाई. त्यांना कागद देऊच नका. ज्या बाईने पन्नास वर्षं एक गोष्ट तोंडी सांगितलीये तिच्या हातात तुम्ही लिहिलेलं प्रमाण मराठी दिलंत तर ती परीक्षेला बसल्यासारखीच होणार. माझ्या आजीचं हेच झालं होतं. आम्ही भावंडं टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यासमोर बसायचो आणि ती पदर सावरून "नमस्कार" म्हणायची, पुढे काही नाही. मग एकदा ती लसूण सोलत बसलेली असताना धाकट्या भावाने नुसतं विचारलं की आजी, तुला तेव्हा भीती नाही का वाटली, आणि ती पाऊण तास बोलत राहिली. टेप आधीच चालू होता, तिला सांगून चालू केला होता पण ती विसरून गेली. ती कॅसेट आज माझ्याकडे आहे आणि त्यात मागे लसणाच्या साली कुरकुरतात तेसुद्धा ऐकू येतं, आता तो आवाज आला तरी मला ते स्वयंपाकघर आठवतं. तुम्हीही तसंच करा, त्यांना आधी सांगा, त्यांची हरकत नाही ना विचारा, मग फोन पालथा करून रुमालावर ठेवा, माइकचं भोक उघडं राहील एवढं बघा, आणि त्यांच्या हातात काहीतरी काम द्या, गवार मोडायला द्या. प्रश्न नातवाने विचारायचे, तुम्ही नाही. त्या मालवणीत बोलल्या तर बोलू द्या, "तेव्हा लाईट खंय होती" असं त्या म्हणाल्या की ऐकणारा त्या काळात पोचतो, तेच तुम्ही "तेव्हा वीज नव्हती" केलंत की संपलं. मग त्यातले चार तुकडे कापून तुमच्या बाप-लेकाच्या प्रसंगांच्या मध्ये लावा. आजी सांगतेय आणि मध्येच आपण त्या पायवाटेवर आहोत, परत आजी. त्यांना अभिनय करावाच लागत नाही.

आणि ताई, हे मी श्रुतिकेपलीकडचं म्हणून सांगते, सासूबाईंच्या मूळ रेकॉर्डिंगची एक कॉपी न कापता दोन ठिकाणी जपून ठेवा. का ते तुम्हाला कळेल.

म्युझिकबद्दल दिरांना नम्रपणे नाही सांगा. तयार भीतीचं म्युझिक लागलं की ऐकणाऱ्याला आधीच कळतं की आता घाबरायचंय, तो सावरून बसतो. शिवाय कोणाचं तरी म्युझिक उचलून उद्या कुठे अपलोड केलंत तर कॉपीराइटची कटकट मागे लागते. तुम्हाला खालून काहीतरी हवंच असेल तर सासूबाईंना तोंड मिटून ओवीची चाल गुणगुणायला सांगा, हळू, शब्द नकोत.

आवाज घरातच मिळतात, विकत काही आणायचं नाही. १९३४ साली शिकागोहून मध्यरात्री एक भयकथांचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुंडकं उडवल्याचा आवाज काढायला कोबी कापायचे, म्हणजे मोठमोठे स्टुडिओवालेही स्वयंपाकघरातच जायचे. तुमच्यासाठी: पाचोळ्यावरची पावलं म्हणजे जुन्या कॅसेटची फीत बाहेर ओढून तिचा ढीग करायचा आणि हाताने दाबायचा, अगदी वाळक्या गवतावरून कोणी चालल्यासारखं येतं (रिकामी, खराब झालेली कॅसेट घ्या, आधी वाजवून बघा तिच्यात काय आहे ते). पाऊस पाडायचा तर परातीत तांदूळ, पण वरून ओतायचे नाहीत, परात हळूहळू तिरकी करायची. वटवाघूळ उडालं तर छत्री भराभर अर्धवट उघडमीट करा. हाड मोडायचं असेल तर काकडी ओल्या फडक्यात गुंडाळून पिळा. चिखलात पाय रुतायला ओला टॉवेल आणि त्यावर रबरी चप्पल. आणि पाट्यावर वरवंटा अगदी सावकाश, मसाला न घालता ओढलात तर कोणीतरी जड दगड सरकवतंय असं वाटतं, तो आवाज मला अजूनही आवडत नाही. एक लक्षात ठेवा की प्रत्येक आवाज फोनच्या जवळून आणि लांबून असा दोनदा घ्या, कारण लांबचा रहाट म्हणजे जवळचा रहाट आवाज कमी करून नाही होत, खोलीचा घुमारा वेगळा येतो.

रेकॉर्डिंगचं साधंच आहे. तुम्ही हॉलमध्ये केलंय ते कळतं, फरशी आणि मोकळ्या भिंती, सगळं घुमतंय. रात्रीच्या उघड्या रस्त्यावरचा प्रसंग आणि आवाज मात्र हॉलचा, म्हणून खोटं वाटतं. कपड्यांचं कपाट उघडा, त्याच्यासमोर दोन खुर्च्या उलट्या ठेवून त्यांच्यावर गोधड्या टाका आणि त्या खोपटात बसून बोला, घुमणं बरंच जातं. तोंडापासून फोन एक वीत लांब आणि थोडा बाजूला, समोर नको, नाहीतर प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसतो आणि भुताच्या गोष्टीत "भूत" शब्दालाच धप्प होतं. फोन एअरप्लेन मोडवर. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे परत चालू करायचा विसरणार नाही, ही शूटिंगवाल्यांची जुनी सवय आहे. आणि सगळं झाल्यावर त्याच जागी, कोणी न हलता, एक मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. हे लोक नेहमी टाळतात पण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण दोन वाक्यांच्या मध्ये तुम्ही कोरी जागा सोडलीत तर आवाज तुटल्यासारखा वाटतो, फोन बंद पडला की काय असं वाटतं, आणि तिथे ही खोलीची शांतता भरलीत तर कोणीतरी तिथे आहे असं वाटतं.

जोडकाम करायला कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी घ्या, फुकट आहे, तेरा वर्षांचा मुलगा दोन दिवसांत शिकेल, त्याच्यावरच सोपवा. त्यात खरखर कमी करायची सोय आहे ती थोडीच वापरायला सांगा, जास्त केली की माणूस पाण्याखालून बोलतोय असं येतं. तयार झालं की हेडफोनवर ऐका आणि मग नुसत्या फोनवरही ऐका, कारण फोनच्या बारीक स्पीकरला खालचे घुमणारे आवाज काढताच येत नाहीत, तुम्ही घातलेला ढगांचा गडगडाट तिथे गायबच होतो आणि तुमचे निम्मे नातेवाईक तर तसंच ऐकणार.

लोकलचं काय, लोकल थांबणार नाही. विहिरीची गोष्ट दोन गाड्यांच्या मध्ये तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड करा, एका वेळी पाच-सहा वाक्यं, होतं. पण पुढची श्रुतिका तुमच्याच बिल्डिंगमधली का नाही करत? लोकल लपवायची नाहीच मग, ती तिथलीच. तुमच्याकडे जाळीच्या दाराची लिफ्ट आहे का? दार उघडं राहिलं की ती बाई हिंदीत सारखं सांगत बसते, कृपया दरवाजा बंद करें, कृपया दरवाजा बंद करें. रात्री शेवटची लोकल गेलेली, सगळं सामसूम आणि आपल्याच मजल्यावर ती बोलायला लागते. म्हणजे कोणीतरी वर आलंय आणि दार उघडं टाकून गेलंय. पण बेल वाजत नाही. मुंबईकडच्या माणसाला यापुढे हडळ लागत नाही.

आता धाकटीचं. हे मी शेवटी घेतलंय पण तुम्ही ते आधी करा. सात वर्षांच्या मुलीला भीती वाटली यात तिचं काही चुकलं नाही, आणि भावाने तिला घाबरट म्हणायचं नाही हे आजच ठरवा. ती फक्त ऐकणारी राहिली म्हणून घाबरली असं मला वाटतं. तिला आवाजांची मुख्य करा. परात तिच्या हातात, कॅसेटची फीत तिच्या हातात, छत्री तिच्या हातात. जो आवाज आपण स्वतः केलाय त्याची भीती बरीच कमी होते, माझ्या दोन्ही मुलांचं मी हे बघितलंय, मोठी तर पाहुण्यांना थांबवून सांगायची की ते हाड नाहीये, काकडी आहे. शेवट काय करायचा हेही तिला विचारा, ती म्हणाली की विडी पेटवल्यावर पहाट होऊन कोंबडा आरवतो तर कोंबडा आरवू दे, तोही तिलाच करू दे. रेकॉर्डिंग दिवसाउजेडी करा, रात्री जेवण झाल्यावर नको. आणि हे सगळं करूनही ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा, तिला आजीबरोबर दुसऱ्या खोलीत बसू दे. रात्री बाथरूमपर्यंत सोबत जा, न कुरकुरता, काही दिवसांचा प्रश्न असतो. महिना झाला, झोपच लागत नाही असं दिसलं तर मात्र मुलांच्या डॉक्टरांशी बोला. आणि घरात कोणीही, अगदी सासूबाईंनीसुद्धा, "झोप नाहीतर चकवा येईल" म्हणायचं नाही. गोष्टीतलं भूत धाकासाठी वापरलं की मग ते गोष्टीत राहत नाही.

ग्रुपवर जे झालं ते पुढे होऊ नये म्हणून सुरुवातीलाच धाकटीच्या आवाजात घाला, "ही आमच्या घरी केलेली श्रुतिका आहे, गोष्ट काल्पनिक आहे." सुरुवातीलाच, शेवटी नाही, कारण शेवटपर्यंत न ऐकताच लोक फॉरवर्ड करतात. गावाचं, वाडीचं, विहिरीचं खरं नाव घेऊ नका. ज्या विहिरीत खरोखर कोणी गेलंय ती तर वापरूच नका, त्या घरची माणसं अजून तिथे राहत असतात आणि त्यांच्यासाठी ती भुताची गोष्ट नसते. सासूबाईंच्या तोंडी नाव आलं असेल तर तेवढं कापा. आणि पाठवताना व्हॉइस नोट म्हणून नको, फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर आवाज दाबला जातो आणि तुमचा तो पाण्याचा थेंब कोणाला ऐकूच जात नाही.

एक राहिलं. रहाट कुठून आणायचा असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तुमच्या झोपाळ्याची कडी, तीच ती जिने मला दचकवलं. कोणी न बसता झोपाळा हाताने अगदी सावकाश ओढायचा आणि सोडायचा, फोन कडीपासून हातभर लांब, तीन मिनिटं रेकॉर्ड करा. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की करकर फार झालीये म्हणून मिस्टर या रविवारी कड्यांना तेल घालणार आहेत. त्यांना म्हणावं, शनिवारी रेकॉर्डिंग होऊ दे, मग घाला तेल.